डिपर

२०१० च्या हिवाळ्यात अण्णांच्या बोलेरोला मी नगरहून आणलेले १००/९० वॉटचे बल्ब बसवले. मूळचे ६०/५५ चे होते. रात्री राहुरी फॅक्टरीहून देवळालीला येताना त्यांचा उजेड मला अगदीच मरतुकडा वाटायचा. नवी नोकरी लागली होती, हातात पगार होता. त्याच फेरीत पुढे लोखंडी गार्ड लागलं आणि मागच्या काचांना गडद काळी फिल्म. बल्ब लावणारा मुलगा म्हणाला होता, रिले टाकून जाड वायर वेगळी ओढू, नाहीतर गरम होईल. चार पैसे वाचवायला मी नको म्हटलं.

मी शिकलेला इंजिनिअर. ६० ऐवजी १०० वॉट म्हणजे बारा व्होल्टला एका दिव्यामागे पाचऐवजी आठ अँपियरपेक्षा जास्त करंट, आणि वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. हे गणित मला परीक्षेत पाठ होतं. पंधरा दिवसांत डाव्या दिव्याचा होल्डर वितळून बल्बच्या पायांना चिकटला. तो पकडीने ओढून काढला, नवा घातला आणि बल्ब मात्र तेच ठेवले.

त्या दिवसांत कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. आमच्याकडे हंगामात रात्रीचा रस्ता उसाचा असतो. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, ज्यांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि टायरगाड्यांची रांग. मी फॅक्टरीकडून घरी येत होतो. समोरून एक भरलेली टायरगाडी आली. अप्पर लाईट चालू होता. डिपर मारायला हवा होता. मी मारला नाही. का, ते आता सरळ लिहितो: रस्ता थेट वळणापर्यंत पांढरा दिसत होता आणि ते दृश्य मला मोडायचं नव्हतं.

बैल थबकले. गाडीवानाने कासरा सोडून उजवा हात डोळ्यांवर आडवा धरला. हातातला आसूड त्याच्या कानाशी लोंबत होता. उसावर एक बाई बसली होती, तिने पदर तोंडावर ओढला. कडेचा बैल साईडपट्टीवरून खाली गेला, जू तिरपं झालं, दोन-तीन मोळ्या रस्त्यावर सांडल्या. “ओ मालक, लाईट खाली घ्या!” एवढं ऐकू आलं तोवर मी पुढे निघून गेलो होतो. आरशात पाहिलं. मागच्या काचेला फिल्म होती, काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना कळलं, पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळीतला एक बैल पायात लचकलाय, गाडी उभी आहे. उचल घेऊन आलेल्या जोडप्याची गाडी चार दिवस उभी राहिली की ते पैसे पुढच्या सालापर्यंत मागे लागतात. हे उसाच्या घरात वाढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. मी चहाचे पैसे दिले आणि घरी आलो. कुणाला काही बोललो नाही.

काचांवरची फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंद केली. गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना २०१७ च्या डिसेंबरात कळवलं. आमच्या गाडीवर दोन्ही तशीच राहिली.

२०१८ मध्ये नोकरीने मला लेस्टरला नेलं. भारतातल्या लायसन्सवर तिथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, मग तिथली परीक्षा द्यावी लागते. ती मी दिली. एक जुनी हॅचबॅक घेतली आणि तोच किडा पुन्हा वळवळला. मोठी अलॉय चाकं, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, इंजिनच्या कॉम्प्युटरचं रिमॅपिंग. तिकडे विमा घेताना विचारतात, गाडीत काही बदल केलेत का. चाकंसुद्धा सांगावी लागतात. हप्ता वाढेल म्हणून मी दरवर्षी ‘नाही’ लिहीत गेलो.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी फ्रान्सला गाडीने जायचं ठरवलं. एका नाशिककर कुटुंबाकडे जेवणावर तोच विषय निघाला. ब्रेक्झिटनंतरची संक्रमणाची मुदत ३१ डिसेंबर २०२० ला संपल्यापासून काय काय बदललं, याची उजळणी सुरू झाली. मागचं ‘जीबी’चं स्टिकर चालत नाही, २८ सप्टेंबर २०२१ पासून ‘यूके’ लागतं. विम्याचं ग्रीन कार्ड मधले काही महिने लागत होतं, ऑगस्ट २०२१ मध्ये ती अट गेली. दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा आईने पाठवलेली तुपाची बरणी घरीच ठेवायची. आमच्या भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा आधीही लागायचा, आताही लागतो. मग घरातले दादा, वयाने पन्नाशीचे, मला म्हणाले, “ते सगळं ठीक आहे. विम्यात तुझ्या गाडीबद्दल काय लिहिलंयस?”

मी गप्प बसलो. त्यांनी पोळी वाढायची थांबवली. “उद्या तिकडे कुणाला लागलं, तर त्याला तू काय सांगणार?”

मी विमा कंपनीला फोन करून खरं सांगितलं. त्यांनी पॉलिसी रद्द केली, आणि तो त्यांचा हक्क होता. तेव्हापासून प्रत्येक नव्या अर्जात ‘आधी कुणी पॉलिसी रद्द केली होती का’ या प्रश्नापुढे मला ‘हो’ लिहावं लागतं. मूळची चाकं आणि स्प्रिंगा परत बसवल्या, रिमॅप काढला, दुप्पट हप्त्याची नवी पॉलिसी घेतली आणि मग डोव्हरहून बोटीत चढलो.

एवढं होऊनही एक गोष्ट केली नाही. इंग्लंडातल्या गाड्यांचा खालचा झोत, आपल्याकडच्यासारखाच, डाव्या बाजूला थोडा वर उचललेला असतो, कडेचा माणूस दिसावा म्हणून. उजव्या बाजूने चालवायच्या देशात तोच उचललेला भाग थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून काचेवर झोत वळवणाऱ्या पट्ट्या चिकटवतात. त्या मी विकत घेतल्या होत्या. दिवा विद्रूप दिसेल म्हणून डिकीतच ठेवल्या.

कॅलेला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. समोरून येणारी गाडी दिवे उघडझाप करायची, तिच्यामागची दुसरीही. मला वाटलं, पुढे पोलीस असतील. मग एका गावातल्या अरुंद रस्त्यावर कुत्रं घेऊन चाललेला म्हातारा जागीच थांबला आणि त्याने उजवा हात डोळ्यांवर आडवा धरला.

मी गाडी कडेला घेतली. दिवे बंद केले. मित्र विचारत होते काय झालं, आणि मला बोलता येईना. बारा वर्षांपूर्वीचा तो हात मी ओळखला होता. मोबाईलच्या उजेडात दोन्ही पट्ट्या लावल्या, हात थरथरत असल्यामुळे एक वाकडी बसली, ती काढून परत लावली. म्हाताऱ्याकडे जाऊन माफी मागितली. त्याला माझं इंग्रजी कळलं की नाही, माहीत नाही. त्याने कुत्र्याला जवळ ओढलं आणि मान हलवली.

पुढच्या दिवाळीला देवळालीत आलो तेव्हा बोलेरोचं गार्ड उतरवलं, फिल्म खरवडली, ६०/५५ चे बल्ब घातले. रात्री गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर सपाट जागेवर दहा मीटरवर उभी केली. दिव्याच्या उंचीची रेघ भिंतीवर खडूने मारली आणि तिच्या खाली चार बोटांवर दुसरी. झोताची कड त्या खालच्या रेघेवर यायला हवी. अण्णा दिव्यामागचा स्क्रू फिरवत होते, मी भिंतीशी उभा राहून सांगत होतो. तेव्हाच मी त्यांना टायरगाडीचं सांगितलं.

अण्णांनी स्क्रू फिरवायचा थांबवला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तेव्हाच सांगायचं होतंस. बैल बघून आलो असतो.”

त्या टोळीचा मुकादम कोण, हे मी फॅक्टरीवर दोन-तीन जणांना विचारलं. बारा हंगाम उलटले होते. कुणालाच आठवलं नाही.