थिजवलेल्या स्ट्रॉबेऱ्या

जालन्यात स्ट्रॉबेरी येते ती पाहुणी म्हणून. डिसेंबरच्या सुमारास फळांच्या गाड्यांवर प्लास्टिकच्या छोट्या डब्यांतून ती दिसू लागते आणि मार्च सरता सरता दिसेनाशी होते. आमचा जिल्हा मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पुढे कडवंचीच्या द्राक्षांनीही नाव मिळवले. स्ट्रॉबेरीशी मात्र आमच्या पिढीची ओळख उलट्या क्रमाने झाली. आधी ती इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात भेटली, मग आइस्क्रीमच्या गुलाबी रंगात, आणि सर्वांत शेवटी फळ म्हणून.

२०२३ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांना घेऊन भिलारला गेलो होतो. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यानचे हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणूनही ओळखले जाते. घराघरांतून एकेका वाङ्मयप्रकाराची पुस्तके मांडलेली आहेत; कुणीही आत जावे, बसावे, वाचावे. विद्यार्थी पुस्तकांत रमले आणि मी, त्यांचा मराठीचा प्राध्यापक, शेताच्या बांधावर बसून स्ट्रॉबेरी खात होतो, ही कबुली येथे द्यायला हरकत नाही. निघताना चार किलो घेतली.

घेताना एक गोष्ट ध्यानात आली नाही. आंबा, केळी, चिकू ही फळे झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. स्ट्रॉबेरीचे तसे नाही. ती तोडली की तिचे पिकणे तिथेच थांबते. पुढे उरते ते फक्त नासणे. रात्रभराच्या प्रवासानंतर घरी खोके उघडले, तेव्हा तळाची फळे दबून त्यांचा रस पाझरू लागला होता. घरात माणसे पाच. चार किलो फळ दोन दिवसांत संपणे शक्य नव्हते. गोठवून ठेवायचे ठरले.

आई तेव्हा आमच्याकडे होती. तिचे सारे आयुष्य अंबड तालुक्यातल्या खेड्यात गेले. तिचे साठवणीचे शास्त्र उन्हाचे होते: कुरडया, सांडगे, पापड, वाळवलेली गवार, वाळवलेली मेथी. वस्तूतले पाणी काढले की ती टिकते, हा त्या शास्त्राचा पाया. पाणी ठेवून काही टिकत नाही, हे तिने स्वयंपाकघराबाहेरही पाहिले होते. २०१३ च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग टँकरच्या पाण्यावर जगवण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. उन्हाळ्याअखेरीस झाडे तोडून सरपणाला गेली. तेव्हापासून ती बागेच्या बाजूचे दार उघडत नसे.

“येवढं पाणी भरलेलं फळ तसंच ठेवायचं म्हणतो? ते कसं टिकंल?” तिने विचारले. मी तिला शीतकरणावर छोटेसे व्याख्यान दिले. तिने ते विद्यार्थ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकले, आणि पटले नाही असे सांगितले.

पहिला घाणा माझ्या पांडित्याला साजेसाच बिघडला. फळे धुतली, देठे काढली आणि ओली तशीच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी हाती आला तो एक अखंड लाल दगड. त्यातून वाटीभर फळ काढायला खलबत्त्याचा बत्ता लागला.

दुसऱ्या खेपेला आई उठून आली. “देठ आधी काढू नको, पाणी पितं ते,” ती म्हणाली. देठासकट फळे झटपट धुऊन तिने जुन्या लुगड्यावर पसरली, पंखा लावला आणि पार कोरडी झाल्यावरच एकेकाची हिरवी टोपी उतरवली. मग स्टीलच्या ताटात, एकमेकांना न चिकटतील अशी, एकेरी थरात मांडून ताट फ्रीझरमध्ये ठेवले. रात्रीपर्यंत फळे खड्यासारखी कडक झाली. ती पिशव्यांत भरली, आतली हवा दाबून काढली. या पद्धतीने हवी तेवढीच फळे सुटी काढता येतात. उणे अठरा अंशांचा फ्रीझर असेल तर ती आठ-दहा महिने चांगली राहतात. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मात्र इतकी अपेक्षा धरू नये. पिशव्यांची तोंडे आईने दोऱ्याने बांधली, बियाण्याच्या पुडक्याला ती मारत असे तशी गाठ मारून.

मी चिठ्ठीवर ‘गोठवलेली स्ट्रॉबेरी’ असे लिहिले आणि तिला वाचून दाखवले. “गोठवलेली काय म्हणतो? थिजवलेली म्हण.”

आपल्या साहित्यात गोठते ते रक्त, गोठतात त्या संवेदना. थिजणेही फारसे शुभ नाही. नजर भीतीने थिजते. पण आईच्या घरात थिजत असे ते खोबरेल तेल आणि तूप. डिसेंबरात बाटली थिजली की उन्हात ठेवायची, तेल पुन्हा वाहते होई. तिच्या शब्दात परतीची सोय होती. माझ्या शब्दात ती नव्हती.

वस्तुस्थिती मात्र दोन्ही शब्दांच्या मधली आहे. घरच्या फ्रीझरमध्ये फळ सावकाश गोठते, आणि जितके सावकाश गोठेल तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात. ते पेशींच्या भिंती फोडतात. कारखान्यात अतिशय थंड हवेच्या झोतात फळ झपाट्याने गोठवतात, त्यामुळे स्फटिक बारीक राहतात आणि मोडतोड कमी होते. घरची स्ट्रॉबेरी बाहेर काढली की तिचा रंग येतो, आंबटगोडपणा येतो, वासही बराचसा येतो. अंग मात्र लुळे पडते. तेलासारखी ती पूर्ववत होत नाही. आम्ही पहिल्यांदा वाटीत काढली तेव्हा मुलीने नाक मुरडले होते.

एप्रिलमध्ये आईला पक्षाघात झाला. गिळणे अवघड झाले. डॉक्टरांनी मऊ, दाटसर असेच काही थोडे थोडे द्यायला सांगितले. भाताची पेज, कुस्करलेले केळे यांना ती तोंड फिरवी. एके दुपारी पत्नीने दोन-चार स्ट्रॉबेऱ्या काढल्या, मऊ पडल्यावर साखर घालून कुस्करल्या, गाळून सायीच्या दह्यात कालवल्या. आईने तीन चमचे घेतले. बोलणे अस्पष्ट झाले होते. वाटीकडे पाहून ती काहीतरी म्हणाली. पत्नीला ते “टिकलं” असे ऐकू आले. मला नीट कळले नाही. पुढचे पाच आठवडे हाच क्रम चालला. जूनच्या पहिल्या पावसात ती गेली.

फ्रीझरमध्ये एक पिशवी उरली. तिच्यावर हात टाकायला घरात कुणी धजत नव्हते, आणि तसे कुणी बोलूनही दाखवत नव्हते. पावसाळ्यात एकदा पाच-सहा तास वीज गेली, तेव्हा मी मुकाट्याने फ्रीजवर घोंगडी टाकली आणि दार उघडू दिले नाही. दिवाळी झाली. पुढच्या जानेवारीत गाड्यांवर नवी स्ट्रॉबेरी आली तरी ती पिशवी तळाशीच होती, आतून हिमकणांनी पांढरी झालेली. वर्षभराने चव उतरली असणार, हे मला ठाऊक होते.

एका रविवारी मुलीने ती बाहेर काढली. मिल्कशेक करायचा म्हणाली. गाठ सुटेना. तिने माझ्याकडे पाहिले. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. “दोरा काप,” मी म्हणालो, आणि कात्री कुठे आहे ते सांगितले.