वऱ्हाडांतील एक रात्र

आमचें घर पुण्याचें. कीर्तन म्हटलें कीं नारदाची गादी, पूर्वरंग, उत्तररंग आणि पेटी-तबल्याची साथ हेंच आम्हां सर्वांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आई मात्र वऱ्हाडची. अकोटच्या बाजूच्या एका खेड्यांत तिचें बालपण गेलें. लग्न होऊन ती पुण्यास आली तेव्हां तिच्या तोंडचें ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ ऐकून आमच्या वाड्यांत हंशा पिके. पुढें मी शाळेंत जाऊं लागलों, आणि ‘माझे मित्र घरीं आले असतां असें गांवढळ बोलत जाऊं नकोस,’ असें मींच तिला एके दिवशीं बजावलें. मी तेव्हां दहा वर्षांचा होतों. त्या दिवसापासून तिनें आमच्यादेखत ते शब्द पुन्हां उच्चारले नाहींत. मी ती गोष्ट विसरूनही गेलों.

कांहीं वर्षांपूर्वीं, थंडीच्या दिवसांत, अमरावतीस मामांच्या घरीं कार्य निघालें, म्हणून आईला घेऊन मी आगगाडीनें निघालों. भुसावळ मागें पडलें, काळ्या जमिनींत फुटलेला पांढरा कापूस दोन्ही बाजूंस दिसूं लागला, तशी ती खिडकीशीं सरकून बसली. प्रथम अकोल्यास उतरून तिचें माहेरचें गांव पाहावें, आणि मग मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून अमरावती गांठावी, असा आमचा बेत होता. गांवीं पोंचलों तों कळलें कीं, त्याच रात्रीं शेजारच्या गांवीं सत्यपाल महाराजांचें कीर्तन आहे.

‘सप्तखंजिरीवादक’ म्हणून हें नांव वऱ्हाडांत सर्वांस ठाऊक आहे. महाराज अकोला जिल्ह्यांतील सिरसोलीचे. त्यांच्या कलेचें मूळ पाहूं गेल्यास दोन थोर पुरुषांकडे वळावें लागतें. अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें १९०९ सालीं जन्मलेले तुकडोजी महाराज एक खंजिरी हातीं घेऊन खेडोपाडीं भजनें गात हिंडले. मोझरीचा गुरुकुंज आश्रम हें त्यांचें ठाणें, आणि ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ हा त्यांचा ग्रंथ. त्यांचें देहावसान १९६८ सालीं झालें. त्याच जिल्ह्यांतील शेंडगांवचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा खराटा घेऊन गांव झाडीत, आणि रात्रीं कीर्तनांत श्रोत्यांनाच प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. तुकडोजींची खंजिरी आणि गाडगेबाबांचे प्रश्न या दोहोंचा वारसा सत्यपाल महाराजांकडे आला आहे.

आम्ही पोंचलों तेव्हां पटांगण भरून गेलें होतें. बायामाणसें घोंगड्या-सतरंज्या घालून बसलीं होतीं; पोरेंसोरें अगदीं पुढें. लांकडी कड्याच्या एका तोंडावर ताणून बसविलेलें चामडें, आणि कड्याच्या खांचांत खुळखुळणाऱ्या धातूच्या चकत्या, एवढीच खंजिरीची रचना. ती एका हातांत धरून दुसऱ्या हातानें वाजवावयाची, ही नेहमींची रीत. येथें सात खंजिऱ्या होत्या, प्रत्येकीचा आवाज निराळा, आणि महाराजांचे दोन्ही हात त्यांवरून असे फिरत होते कीं, कोणता ठोका कोणत्या खंजिरीवर पडला हें डोळ्यांना उमगेना. कानांना मात्र एकच सलग चाल ऐकूं येई. मी थोडाबहुत तबला शिकलों आहें. पांच मिनिटें मी ठोके मोजण्याचा प्रयत्न केला आणि मग तो नाद सोडून दिला.

महाराजांचें वय झालेलें. २०१७ सालीं मुंबईंत कीर्तन आटोपल्यावर त्यांच्यावर चाकूनें हल्ला झाला होता; त्यांतून बरे होऊन ते पुन्हां लोकांसमोर उभे राहिले होते. विषय नेहमींचेच: हुंडा, दारू, बुवाबाजी, कर्ज काढून केलेलीं लग्नें. मामांच्या घरचें कार्य दोन दिवसांवर असल्यामुळें शेवटचा विषय मला विशेष बोंचला. परंतु कोणी रागावले नाहीं. सारें कीर्तन शुद्ध वऱ्हाडींत होतें, आणि आपलेंच माणूस आपल्या उणिवा आपल्या बोलींत सांगूं लागलें म्हणजे मनुष्य आधीं हंसतो, आणि रागवावयाचें राहून जातें.

आई प्रथम पदर सांवरून ताठ बसली होती. थोड्या वेळानें ती हंसूं लागली. मग महाराजांनीं लोकांना कांहीं विचारलें, आणि सबंध पटांगणानें एका आवाजांत उत्तर दिलें. त्या शेंकडों आवाजांत आईचा आवाज मीं ओळखला. शेजारच्या अनोळखी बाईशीं ती बोलूं लागली तेव्हां तिच्या ‘डोळ्यां’चे ‘डोये’ झाले होते, आणि तें तिच्या ध्यानींही नव्हतें. दहा वर्षांच्या मुलानें बजावलेली ती गोष्ट त्या क्षणीं मला आठवली. थंडी होती, तरी माझे कान तापले.

अमरावतीस मामांना हें सांगितलें. ते शिक्षक, त्यांनीं मला ऋद्धिपूरची आठवण करून दिली. मराठीचा आद्य गद्यग्रंथ मानलें जाणारें ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत तेथें सिद्ध केलें, आणि तें ऋद्धिपूर याच अमरावती जिल्ह्यांत आहे. ज्या मुलखांत मराठी गद्य उदयास आलें, त्या मुलखाच्या बोलीला आमच्या वाड्यानें गांवढळ ठरविलें होतें!

परतीच्या गाडींत मीं धीर करून विचारलें, “आई, तुले चहा पाहिजे काय?”

तिनें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, खिडकीबाहेर पाहिलें, आणि म्हणाली, “‘पाहिजे’ नाही रे, ‘पाह्यजे’ म्हण.”

चहा आम्ही दोघांनींही घेतला.