बाजार बुडतो तेव्हा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध नुकतेच सैल होत होते आणि गणपतीचा माल भरायचे दिवस जवळ आले होते. पूर ओसरल्यावर किराणा दुकानात काय उरतं, ते डोळ्यांसमोर आणून पाहा. साखर आणि मीठ पाण्याबरोबर गेलेलं असतं, डाळी फुगून दोन दिवसांत आंबतात, वजनकाट्यात गाळ बसतो. सगळ्यात मोठा घाव मात्र उधारीच्या वहीवर पडतो. माल जातोच, पण कोणाकडून किती यायचंय हे सांगणारा कागदही लगदा होतो. अशा वेळी आपण सगळे व्यापाऱ्याच्या जिद्दीचं कौतुक करतो. जिद्द मला खोटी वाटत नाही. पण सारख्याच जिद्दीच्या दोन दुकानदारांपैकी एक दिवाळीपर्यंत उभा राहतो आणि दुसरा गाळा सोडतो. हा फरक जिद्दीने पडत नाही. माझ्या मते तो पडतो तो बुडालेल्या गावाबाहेर त्याला हात देणारं कोणी आहे की नाही, यावरून.

छोट्या धंद्याचा आधार म्हटलं की आपल्याकडे भिशी, पिग्मी आणि उधारी ही तीन नावं येतात. या व्यवस्था मी क्षुल्लक मानत नाही. संध्याकाळी गल्ल्यातून शंभर-दोनशे रुपये नेणारा पिग्मी एजंट ही छोट्या दुकानदारासाठी मोलाची सेवा आहे. घरात आजारपण निघालं, लग्न ठरलं, दुकानात चोरी झाली, तर भिशीचा नंबर आधी मागून घेता येतो, कारण बाकीच्यांचं बरं चाललेलं असतं. म्हणजे संकट एकट्याचं असेल तोवर हे गणित चालतं. पूर साऱ्या पेठेवर येतो, तेव्हा भिशीतले सगळेच एकदम नंबर मागतात आणि हप्ता भरायला कोणीच उरत नाही. गावातल्या पतसंस्थेचंही तेच होतं. तिचे ठेवीदार त्याच पेठेतले आणि कर्जदारही त्याच पेठेतले. पैसे काढायला रांग लागते त्याच दिवशी वसुली थांबते. एकमेकांना धरून उभी असलेली माणसं एकाच लाटेत सापडली, तर त्या धरण्याचा उपयोग मर्यादितच राहतो.

म्हणून मला बाहेरगावच्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी महत्त्वाची वाटते. त्याचं गोदाम कोरडं असतं. शिवाय जुनं गिऱ्हाईक उठलं नाही तर त्याची मागची बाकी बुडते, त्यामुळे नवा माल पाठवण्यात त्याचाही स्वार्थ असतो. यावर रास्त आक्षेप येतो की ही उधारी फुकट नसते. दर चढा लागतो, माल तो देईल तोच घ्यावा लागतो, आणि दुकानदार वर्षानुवर्षं बांधला जातो. हे खरं आहे. पण याचं उत्तर उधारी तोडणं हे नव्हे. एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी खाती ठेवणं हे आहे, आणि तीही वेगवेगळ्या दिशांना. चिपळूण बुडालं त्याच आठवड्यात कोल्हापूरही पुरात होतं आणि पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. ज्याचा सगळा माल त्या एकाच बाजूने येत असेल, त्याचा बाहेरचा हातही त्याच पाण्यात होता.

करोनात तर बाहेर असं काही उरलंच नाही. सगळा देश एकदम बंद. तेव्हा बाहेरचा हात फक्त सरकारचा असू शकत होता. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या आपत्कालीन पतहमी योजनेत ६० दिवसांहून जास्त थकीत नसलेल्या कर्जदाराला २९ फेब्रुवारी २०२० च्या बाकीच्या २० टक्के जादा कर्ज सुरुवातीला मिळायचं. योजना उपयोगाची होती, पण जुनं कर्ज असणाऱ्यालाच. कर्ज न काढता धंदा केलेल्या माणसाची बाकी शून्य, आणि शून्याचे २० टक्केही शून्यच. विम्याचंही असंच आहे. बँकेचं कॅश क्रेडिट असलं तर बँक मालाचा विमा उतरवायला लावते. ज्याने कर्ज घेतलेलं नाही, त्याला आठवण करून देणारं कोणी नसतं. छोट्या उद्योगांसाठीची ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पुराचंही संरक्षण देणारी पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली होती, चिपळूणच्या पुराआधी चार महिनेही नाही. याउलट जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधीने फेरीवाल्यांना तारणाशिवाय १० हजार रुपये दिले, वेळेत फेडल्यावर पुढचं मोठं कर्ज खुलं केलं. रक्कम लहान होती, पण दार योग्य जागी उघडलं होतं. बँकेच्या वहीत नसलेल्या माणसापर्यंत पोहोचता येतं, हे त्यातून दिसलं.

कोणी म्हणेल, पूर आला की सरकार मदत देतंच. २०२१ च्या पुरानंतर राज्याने दुकानदारांना कमाल ५० हजार आणि टपरीधारकांना १० हजार रुपये जाहीर केले. त्यात गाळ काढून शटर दुरुस्त होईल. रॅक आणि माल पुन्हा भरणार नाही. हा उरलेला खर्च आज घर सोसतं. दागिने गहाण पडतात, मुलाचं शिक्षण लांबतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दुकान सावरलेलं दिसतं. या सावरण्याला मी यश म्हणू शकत नाही.

चिपळूणच्या बाजारात २००५ च्या जुलैतही पाणी भरलं होतं, म्हणजे असा पूर पुन्हा येऊ शकतो. तुमचं दुकान नदीकाठच्या कोणत्याही पेठेत असेल, तर येत्या मे महिन्यात पॉलिसी काढून वाचा. पूर त्यात आहे का आणि विमा इमारतीचा आहे की मालाचाही, हे एजंटकडून लेखी घ्या. आणि उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो काढून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवा.