पाण्याचा दंड कोणाला?

मार्च महिना लागला की आमच्या आळीत दोनच विषय. एक मुलांच्या परीक्षा आणि दुसरा पाणी. ‘नळाला थेट मोटर लावू नका, मोटर जप्त होईल, नळ तोडला जाईल’ ही ताकीद तुमच्यापैकी बहुतेक जणींनी कधी ना कधी ऐकली असेलच. ऐकून आपण काय करतो? आमच्याकडे तरी “कोण येतंय बघायला!” म्हणून हसतात, आणि पाणी यायच्या वेळेला तीन-चार घरांतून घुर्रर्र आवाज सुरू होतो.

आमचं घर डहाणूला, आळीच्या अगदी टोकाला. तिथे पाणी येतं ते करंगळीएवढ्या धारेनं. पुढच्या घरांतल्या मोटरी लागल्या की तीही धार थांबते आणि नळ नुसता फुसफुसतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातही मोटरीचा विषय निघालाच. हे म्हणाले, “सगळ्यांनी लावली, आपणच काय हरिश्चंद्र लागून गेलो?” सासूबाईही म्हणाल्या, “तुझं नागरिकशास्त्र शाळेत ठेव बाई. सकाळी उठून पिंप कोरडं बघायचं ते मला.” त्यांचं खोटं म्हणवेना. रात्री उठून पाणी भरून भरून त्यांचीच कंबर धरलेली.

मी आठवड्यातून तीन दिवस तलासरीकडच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तेव्हा कायद्यात काय आहे ते वाचून काढायची जरा सवय आहे. पाहिलं, तर नियम काही कमी नाहीत. सार्वजनिक झऱ्याचं किंवा साठ्याचं पाणी घाण करणाऱ्याला १८६० च्या दंड संहितेत तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात सहा महिने आणि ५,००० रुपये झाले. लोकांचं पिण्याचं किंवा शेतीचं पाणी तुटेल असं नुकसान जाणूनबुजून केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्या महाराष्ट्रात १९९३ साली कायदा झाला, की पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायची नाही. पुढे २००९ चा भूजल कायदा आला, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात ६० मीटरहून खोल विहिरींवरही बंधन आलं.

आणि दंड खरोखर वसूलही होतो बरं का! बंगळूरला २०२४ च्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर ५,००० रुपये दंड लावला, आणि थोड्याच दिवसांत २२ घरांकडून १ लाख १० हजार रुपये गोळा केले. वाचून मला बरं वाटलं. पण मग मनात आलं, ज्याच्या दारात मोटारगाडी उभी आहे त्याला पाच हजार म्हणजे काय? सणाची एक साडी! दंड सरकारी तिजोरीत गेला, पण ज्या घरात त्या दिवशी हंडा रिकामा राहिला, त्या घराला काय मिळालं?

ह्याचं उत्तर मला शाळेत दिसलं. सकाळची शाळा होती. नववीतली एक मुलगी आठवड्यातून तिसऱ्यांदा उशिरा आली, म्हणून नियमाप्रमाणे पहिला तास व्हरांड्यात उभी होती. मी विचारलं तर खाली बघत म्हणाली, “बाई, विहिरीत झरा भरायला वेळ लागतो. वाटीवाटीनं भरावं लागतं. वरच्या अंगाला बोअर मारली ना, तेव्हापासून लवकर आटते.” ती बोअर परवानगीने मारली की परवानगीवाचून, ते तिला कसं ठाऊक असणार? पण तिने स्वतः पाण्याचा एकही नियम मोडलेला नव्हता. तरी शिक्षा भोगत होती तीच. ज्या भागात पावसाळ्यात छत्री उलटीपालटी होते, तिथल्या पोरीने एप्रिलात वाटीने पाणी भरावं!

मुख्याध्यापकांशी बोलले. पाण्यापायी उशीर झालेल्या मुलींना वर्गात बसू द्यायचं, एवढं त्यांनी मान्य केलं. विहीर काही त्याने भरली नाही.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. मोटर नळाला थेट लावली की ती सगळ्या पाइपातलं पाणी जोराने ओढते. पाइपाला कुठे गळका सांधा असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर त्या ओढीने गटाराचं पाणीही आत शिरतं. मग कावीळ, जुलाब हे दुखणं कोणाच्या घरी जाईल ते सांगता येत नाही. कदाचित मोटरवाल्याच्याच!

शेवटी आम्ही अंगणात जमिनीखाली छोटी टाकी बांधून घेतली. नळाचं पाणी आपसूक तिच्यात पडतं आणि त्या टाकीतून मोटरने वर चढवतो. ह्यात शेजारच्याचं पाणी ओढलं जात नाही. बाहेरून धूळ आणि डास जाणार नाहीत असं घट्ट झाकण मात्र हवं, आणि टाकी अधूनमधून घासून काढायला हवी. ह्या खर्चापायी दिवाळीतली खरेदी राहिली, पण सासूबाईंचं रात्रीचं उठणं कमी झालं.

हाच उपाय पुढच्या घरातल्या वहिनींना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, “तुमची मास्तरकी आमच्याकडे नको.” तेव्हापासून हळदीकुंकवाचं बोलावणं बंद आहे. त्याच्या पलीकडच्या घराने मात्र मोटर काढली. आमच्या नळाला आता करंगळीऐवजी अंगठ्याएवढी धार येते.

मैत्रिणींनो, कायद्यातला दंड हवाच. तो वसूल करायला माणसंही हवीत. पण अधिकारी दारात येईपर्यंत पाइपाच्या टोकाला राहणारी बाई रोज दंड भरत असते, तो पैशांत मोजत नाहीत. मोटरीचं बटण दाबायच्या आधी तिचं घर कोणतं, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.