आमची मॉरिस

जुन्या वस्तूंविषयी प्रत्येक एकत्र कुटुंबात दोन पक्ष असतात. एक म्हणतो, ती मोडीत काढा. दुसरा म्हणतो, ती जपून ठेवा. वस्तू मोटारगाडी असली म्हणजे मात्र तिसरा प्रश्न उपस्थित होतो: जपावयाची ती उभी, की चालती? आळेफाट्याच्या आमच्या घरी या प्रश्नावर पुष्कळ दिवस वाद चालला होता.

आमच्या कै. काकांची 1949 सालची मॉरिस मायनर गोठ्याशेजारच्या छपरात वर्षानुवर्षे उभी होती. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही लहानशी ब्रिटिश गाडी 1948 साली बाजारात आली. नमुन्याची गाडी फार अरुंद वाटली, म्हणून त्यांनी ती ऐन वेळी मधोमध उभी कापविली आणि चार इंच रुंद केली. बॉनेटच्या मध्यावरून गेलेली सपाट पट्टी ही त्या वाढीचीच खूण होय. 1960 अखेर या जातीच्या दहा लाख गाड्या पुऱ्या झाल्या. तोवर कोणत्याही ब्रिटिश गाडीने हा पल्ला गाठला नव्हता.

गाडी दुरुस्तीस काढली तेव्हा घरातील तरुण मंडळींस प्रथम रंगाची घाई झाली. आमच्या वृद्ध मिस्त्रींनी ती मोडून काढली. “रंग मागाहून, आधी ग्रीस,” असे ते म्हणाले. या गाडीचे पुढील चाक ज्या खिळीभोवती वळते, तिचा खालचा सांधा स्क्रूच्या आट्यांवर बसविलेला असतो. ग्रीस वेळेवर न भरल्यास आटे झिजतात आणि एके दिवशी चाक गाडीखाली दुमडते. इंजिनात पाण्याचा पंप नाही. तापलेले पाणी आपोआप वर चढते, रेडिएटरमध्ये निवते व खाली उतरते. म्हणून माळशेजसारख्या घाटात गाडी दमण्यापूर्वीच तीस विसावा द्यावा लागतो. सुटे भाग इंग्लंडातून आजही मिळतात. हे ज्ञान मात्र पार्सलाने येत नाही.

गाडी सुरू झाली आणि खरा वाद उभा राहिला. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांन्वये पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून घेता येते. नोंदणी दहा वर्षे टिकते व जुना क्रमांकही राखता येतो. परंतु अशी गाडी नित्याच्या उपयोगासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर पडावयाची. आमच्या वडीलबंधूंचे मत या नोंदणीच्या बाजूस होते, आणि ते निराधार नव्हते. पुणे-नाशिक रस्त्यावरील आजची वाहतूक त्या लहानग्या ब्रेकांस झेपणारी नव्हे. काकूंनी सर्व ऐकून घेतले व एवढेच म्हटले, “यांनी ती फिरावयास घेतली होती, पूजेस नव्हे.”

अखेर साधीच नोंदणी पुढे चालू ठेवावी, नाशिकच्या रस्त्यास जाऊ नये, आणि केवळ पहाटे बाहेर पडावे, असे ठरले. बेल्हे, टाकळी ढोकेश्वर या वाटेने आम्ही काकूंना अहिल्यानगरास, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरास, घेऊन गेलो. तेथील रणगाडा संग्रहालय 1994 साली सुरू झाले. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी तेथे आहे. ती पाहून काकू बराच वेळ उभ्या राहिल्या. “हिची निगा उत्तम आहे,” त्या म्हणाल्या, “पण हिला आता कोणी हाक मारीत नाही.”

संग्रहालयांस आम्ही नावे ठेवीत नाही. ज्या वस्तूचा उपयोग सरला, तिचा इतिहास त्यांनीच राखावयाचा. परंतु घरात वस्तू राखणे म्हणजे तिच्याशी वागण्याची रीत राखणे होय. ती रीत कागदावर पुरती उतरत नाही; एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि मधला हात रिकामा राहिला की तुटते. वाचकहो, आमच्या मिस्त्रींची दृष्टी आता मंदावली आहे. दर महिन्यास आमची पुतणी त्यांना घरी आणते. ते बाजेवर बसून सांगतात; ती गाडीखाली शिरून सांधे पुसते, ग्रीसगन लावते, आणि जुने ग्रीस बाहेर येईतो दाबीत राहते. तिने अद्याप घाट चढविलेला नाही. येत्या मार्गशीर्षात चढवीन म्हणते. वडीलबंधूंनी शेजारी बसण्याचे कबूल केले आहे.