दांडीचा सांधा

तंतुवाद्याचा गोडवा तारांत असतो, असें सामान्यतः समजलें जातें; पण सुताराच्या दृष्टीनें पाहतां वाद्याचें आयुष्य त्याच्या सांध्यांत असतें. यंदा आमच्या सुतारकामाच्या वर्गांतील मुलांनीं विजेची गिटार स्वहस्तें करावयाचें मनावर घेतलें, तेव्हां पहिला प्रश्न उभा राहिला तो हाच, कीं दांडी धडास जोडावी कशी?

प्रश्न क्षुल्लक नव्हे. सहा पोलादी तारा स्वरांत लाविल्या म्हणजे त्यांचा एकूण ताण सुमारें ४५ किलो भरतो, व तो अहोरात्र चालू असतो. सांधा किंचित् ढळला तरी तारा पडद्यांपासून उंच जातात, बोटें दुखतात आणि दाबलेला स्वर चढा लागतो.

या कामीं मुख्य रीती तीन. अमेरिकेंत लिओ फेंडर या गृहस्थांनीं १९५० सालीं विक्रीस आणिलेल्या गिटारींत दांडी धडाच्या खांचेंत बसवून मागून चार स्क्रूंनीं आवळलेली होती. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. तेव्हां बिघडलेला भाग सुटा करून बदलतां यावा, ही त्यांची दृष्टि स्वाभाविकच होती. गिब्सन कंपनीनें १९५२ सालीं काढलेल्या ‘लेस पॉल’ गिटारींत दांडीचें कुसूं धडांत सरसानें कायमचें चिकटविलें होतें. तिसऱ्या रीतींत दांडीचेंच लाकूड धडांतून थेट शेवटापर्यंत जातें. पॉल बिग्सबी यांनीं १९४८ सालीं मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठीं अशी गिटार केली होती.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं पाडलेल्या वडिलोपार्जित घराच्या तुळईचा सागवानी तुकडा या कामासाठीं दिला होता. तो अखंड ठेवून तिसऱ्या रीतीनेंच गिटार करावी, असा मुलाचा आग्रह. “सर, आजोबांच्या घराचें लाकूड आहे, तें तोडावेंसें वाटत नाहीं,” असें तो म्हणाला. त्याची ही भावना आम्हांस मोलाची वाटली. तथापि दांडी हा वाद्याचा सर्वांत नाजूक अवयव. पावसाळ्यांत लाकूड फुगतें, उन्हाळ्यांत आटतें. अशानें दांडी पिळली तर अखंड वाद्यांत ती बदलणें जवळजवळ अशक्य, आणि तिच्याबरोबर सारी तुळई वायां जावयाची. आम्हीं सुचविलें, कीं धड सागवानाचें करावें, दांडी सरळ रेषांच्या दुसऱ्या लाकडाची करावी व ती स्क्रूंनीं जोडावी. पुढें दांडी बिघडली तरी आजोबांचें सागवान सुरक्षित राहील. मुलानें दोन दिवस विचार केला, घरीं विचारिलें, आणि होकार दिला.

स्क्रू आहेत म्हणून खांच कशीही कोरून चालत नाहीं. ती सुमारें १६ मिलिमीटर खोल व तळाशीं सपाट हवी. दांडी इतकी चपखल बसावी, कीं स्क्रू न लावतां ती धरून वाद्य उचललें तरी धड गळून पडूं नये. मुलांनीं आधीं टाकाऊ फळ्यांवर खांचा कोरून हात बसविला, मगच सागवानास पटाशी लाविली. तिन्ही रीतींपैकीं कोणतीचा नाद अधिक काळ टिकतो, यावर वादकांचा वाद चालतो. आमच्या मतें रीतीपेक्षां बसणीचें महत्त्व अधिक.

कोणतीही वस्तु करतांना ती कशी दिसेल याबरोबर ती पुढें दुरुस्त कशी होईल, हेंही पहिल्याच दिवशीं पाहावें, एवढेंच विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे.