पायात जोर होता, तरीही

निपाणी सोडून बेळगावकडे निघालं की लगेच तवंदीचा घाट लागतो. मोटारीत बसलेल्याला तो जाणवतही नाही. त्या फेब्रुवारीत मी तो सायकलवर चढत होते आणि निम्म्यातच उतरले. पेटके आले नव्हते, मांड्याही फारशा भरून आल्या नव्हत्या. श्वासच पुरत नव्हता. कानात नाडी ठणकत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सायकल कठड्याला टेकवली, हेल्मेट काढलं आणि तिथेच खाली बसले. सोबतची मैत्रीण वर स्तवनिधीपाशी वाट बघत थांबली होती. तिथवर मी सायकल हाताने ढकलत नेली.

बेळगाव ते निपाणी जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं. आम्हा दोघींना त्या उन्हाळ्याआधी दोनशेची ब्रेव्हे करायची होती. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, पहिला-दुसरा नंबर काही नाही, वेळेत पोचायचं. त्यासाठी आठवड्याला चार दिवस, पहाटे पाचला आम्ही बाहेर पडत होतो. सराव कमी होता असं कोणी म्हणू शकलं नसतं.

कॉलेजात मी कमी अंतराची सायकलपटू होते. आमच्या सीमाभागात गावच्या यात्रेला सायकलच्या शर्यती लागतात, तिथे शेवटच्या दोनशे मीटरला मी सहसा कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. त्यामुळे तवंदीत बसल्यावर माझ्या मनात एकच आलं : पाय आहेत, जिद्द गेली. शाळेत शिकवायचं, घर बघायचं, मुलाचा अभ्यास घ्यायचा, यात जिद्द झिजली असणार. पुढचे दोन आठवडे मी स्वतःला बोल लावण्यात घालवले.

शहापुरात सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या मामांनी मला त्यातून बाहेर काढलं. तरुणपणी ते स्वतः शर्यती मारायचे. एका रविवारी त्यांनी मला राकसकोपच्या रस्त्यावर नेलं. खडूने दोन रेघा ओढल्या, मध्ये दोनशे मीटर. लांबून वेग घेऊन यायचं आणि दोन रेघांमध्ये जीव तोडून मारायचं. तीन वेळा मारलं, दर वेळी मध्ये दहा मिनिटं विश्रांती. तिन्ही वेळा घड्याळ पंधरा सेकंदांच्या आत थांबलं. दिवाळीतही माझी हीच वेळ होती. मामांनी घड्याळ पुन्हा पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "पायात जोर हाय की गं तुझ्या. मग घाटात काय होतंय?"

हा प्रश्न मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरले.

दहा-पंधरा सेकंदांची धाव स्नायूंत आधीच साठवलेल्या ऊर्जेवर होते. तेवढ्या वेळात ऑक्सिजन पोचो न पोचो, फारसं बिघडत नाही. तिथे वेगाने आकसणारे तंतू, जाड मांडी आणि पेडलवर एका क्षणात टाकलेलं बळ यांचा हिशोब असतो. घाटाला पाऊण तास लागला की तो हिशोब उपयोगाचा नाही. तिथे फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मांडीत किती ऑक्सिजन पोचतो आणि अंगाच्या वजनाच्या मानाने पाय किती वेळ बळ लावत राहतात, हे ठरवतं. अंदमानच्या एसो अल्बेनने २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एगल इथे ज्युनियर जागतिक ट्रॅक स्पर्धेत किरिन प्रकारात रौप्यपदक मिळवलं. किरिनचा निकाल शेवटच्या काही सेकंदांत लागतो. नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची 'रॅम' ही शर्यत एकट्याने पुरी केली, सुमारे ४,९०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. दोघेही सायकलपटूच, पण दोघांची शरीरं दोन वेगळ्या कामांना तयार झालेली. अल्बेनच्या कामाचं माझं अंग शाबूत होतं. गोकुळनाथांच्या कामाचं कुठेतरी अडलं होतं.

आधी आम्ही जेवणाकडे बघितलं, कारण तिथे चूक उघड दिसत होती. पहाटे नुसता चहा घेऊन निघायचं आणि निपाणीत पोचल्यावर पोहे. स्नायू आणि यकृत मिळून साखरेचा साठा चारशे-पाचशे ग्रॅम, नेटाने चालवलं तर दीड-दोन तासांत तो आटतो. मग मी दर अर्ध्या तासाला काहीतरी तोंडात टाकायला लागले : केळं, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर. तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं म्हणजे अडीच केळी. बाटलीत चिमूटभर मीठ आणि लिंबू. फरक पडला, संकेश्वरपर्यंतचा थकवा गेला.

वाऱ्याचाही विचार केला. दुपारनंतर पश्चिमेचा वारा आडवा येतो आणि हत्तरगी ते यमकनमर्डीच्या उघड्या पट्ट्यात सायकल हलवून सोडतो. सपाटीवर वेग वाढला की बहुतेक बळ हवा कापण्यातच जातं. मैत्रिणीच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवलं तर पाव हिस्सा तरी श्रम वाचतात, म्हणून आम्ही पाच-पाच मिनिटांनी पुढे-मागे व्हायला लागलो. पण घाटात वेग एवढा उतरतो की आडोशाचा फायदा जवळजवळ संपतो. मार्चमध्ये तवंदीत मी पुन्हा उतरले. पोट भरलेलं, झोप झालेली, तरीही.

उत्तर मिळालं ते शाळेत. मुलींच्या रक्ततपासणीचं शिबिर होतं. मुलींना धीर यावा म्हणून आम्ही शिक्षिकांनी आधी बोटं पुढे केली. माझं हिमोग्लोबिन निघालं ९.४. बाईमाणसाला निदान १२ तरी हवं.

डॉक्टरबाईंनी पाळीबद्दल विचारलं. दोन वर्षं रक्तस्राव जास्त होता, पण तो मी चालवून घेत होते. मग चहाबद्दल विचारलं. दिवसाला पाच कप, त्यातले दोन जेवणाला लागून. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे मला तेव्हा कळलं. घाटात मांडीला ऑक्सिजन नेणाऱ्या गाड्याच कमी होत्या, मग ऊर कितीही धपापला तरी माल पोचणार कुठून? आणि दोनशे मीटरला त्या गाड्यांची गरजच पडत नसल्याने तिथे माझं घड्याळ हललं नव्हतं. या गाड्या म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी. त्यांच्यासाठीच जगातले सायकलपटू उंच डोंगरात जाऊन सराव करतात आणि काही जण त्यासाठी चोरून ईपीओ हे औषध टोचून घेतात. लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, त्या प्रकरणात ईपीओ होतंच. मला तर माझं हक्काचं रक्तही अंगात नव्हतं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सोबत लिंबूपाणी, जेवणापासून दोन तास चहा लांब, पाळीवर वेगळे उपचार. गोळ्यांनी पोट बिघडायचं, ते सोसलं. लांबची सायकल डॉक्टरांनी दोन महिने बंद ठेवायला लावली, तेव्हा मामांनी फक्त दोनशे मीटरचा सराव घेतला. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११ झालं, ऑगस्टमध्ये १२.६.

ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर निपाणीला गेलो. परतताना तवंदी चढले, न उतरता. वर पोचल्यावर छाती धपापत होती, पण काजवे नव्हते. वंटमुरीच्या चढाला मैत्रीण मागे राहिली, म्हणून काकतीला मी तिच्यासाठी थांबले. जानेवारीत दोघींनी दोनशेची ब्रेव्हे वेळेत पुरी केली.

आता आमच्या भागात पोरी सायकल गंभीरपणे घेतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळीच्या पूजा दानोळेने खेलो इंडियात सुवर्णपदकं जिंकल्यापासून माझ्या वर्गातल्या मुलीही सायकलबद्दल विचारतात. त्यांच्या आईवडिलांना आणि प्रशिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. मुलगी शंभर-दोनशे मीटर झपाट्याने मारते आणि लांबच्या पल्ल्याला गळते, तर तिला आळशी म्हणू नका, मन लावत नाही म्हणू नका. आधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.